तीन रकाने

माझी भाची ॲरिझोनात, फीनिक्सजवळ राहते. सातेक वर्षांपूर्वी थोरल्याला शाळेत घातलं, तेव्हा फॉर्मवर तीन प्रश्न होते. घरी बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतात? मूल बहुतेक वेळ कोणती बोलतं? आणि सगळ्यात आधी कोणती बोललं? तिन्ही रकान्यांत तिनं 'इंग्रजी' लिहिलं. त्या वेळी आजी वरणभाताची वाटी घेऊन 'हा घास चिऊचा' करत नातवामागे घरभर फिरत होती.

"मामा, मराठी लिहिलं की परीक्षा घेतात. त्यात मागे पडला की वेगळा वर्ग."

तिची भीती खरी होती. 2000 साली ॲरिझोनाच्या मतदारांनी 203 क्रमांकाचा प्रस्ताव सुमारे 63 टक्के मतांनी मंजूर केला आणि द्विभाषिक वर्ग जवळपास मोडीत निघाले. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजीतूनच शिकवायचं ठरलं. 2008 पासून तर अशा मुलांना रोज चार तास नुसतं इंग्रजी. बरोबरीची पोरं विज्ञान शिकत असताना ही क्रियापदांची रूपं घोकत बसायची. 2019 मध्ये कायदा सैल झाला आणि तास जवळपास निम्म्यावर आले.

भाचीचं खोटं खपलं, कारण शाळेत बोलायला गेल्यावर तिला इंग्रजी फाडफाड येतं. नोगालेससारख्या सीमेवरच्या गावात, घरी स्पॅनिशच बोलणाऱ्या आईला हे जमत नाही. तिथल्याच पालकांनी 1992 साली राज्यावर खटला भरला. या मुलांवर राज्य करत असलेला खर्च कशाच्याही आधाराविना ठरवलेला आहे, असं 2000 साली संघीय न्यायालयानं म्हटलं. तरी विधिमंडळ हलेना, तेव्हा न्यायाधीशांनी रोज पाच लाख डॉलरपासून चढत जाणारा दंड लावला. पुढे 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी राज्याचं म्हणणं उचलून धरलं, ते वेगळं. पण दंड लावणाऱ्या त्या न्यायाधीशांना कुणाकडे मतं मागायला जायचं नव्हतं. संघीय नेमणूक तहहयात असते.

राज्याच्या न्यायालयांचं तसं नाही. 1974 साली, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सँड्रा डे ओ'कॉनर फीनिक्सच्याच मॅरिकोपा काउंटीत निवडणूक लढवून न्यायाधीश झाल्या. त्याच साली मतदारांनी वरच्या आणि मोठ्या काउंटींच्या न्यायालयांपुरती ती पद्धत बदलली. आता आयोग नावं सुचवतो, गव्हर्नर नेमतो आणि ठरावीक वर्षांनी मतदार सांगतात, ठेवा किंवा काढा. निवडणूक लढवून आलेल्या ओ'कॉनरबाई पुढे आयुष्यभर न्यायाधीशांच्या निवडणुकांविरुद्ध बोलत राहिल्या. मला त्यांचं पटतं. ज्या पोराला मत नाही, त्याची बाजू ऐकणाऱ्यानं पुढच्या मतदानाची तारीख मोजत बसू नये.

2024 मध्ये हे 'ठेवा-काढा'ही बहुतांशी बंद करावं, असा 137 क्रमांकाचा प्रस्ताव आला. चारांतल्या तिघांहून जास्त मतदारांनी तो फेटाळला. भाचीही त्यांच्यातच. "आमचा हक्क कसा काढतात?" म्हणून ती फोनवर तावातावानं बोलत होती. घरपोच आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरलेली.

"आणि खाली न्यायाधीशांची नावं आहेत, त्यांचं काय केलंस?"

"ती कोरीच ठेवली. मला कुठे माहीत आहेत ती माणसं?"

प्रत्येक न्यायाधीशाच्या कामाचा अहवाल तिथे एक आयोग मतदानाआधी काढतो. तो तिनं उघडलाही नव्हता. मला राग आला. मग स्वतःचंच हसू आलं, कारण आपल्याकडे वरच्या न्यायालयांचे न्यायाधीश कॉलेजियम ठरवतं, मला कुणी विचारत नाही. उपदेश करायला माझं काय जातं? तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. फॉर्मवर तिनं खोटं लिहिलं आणि स्वतःचं मूल अलगद बाहेर काढलं. मतपत्रिकेवर न्यायाधीशांपुढे काहीच न लिहिता ती स्वतः बाहेर राहिली. दोन्ही वेळा नियम मात्र होता तिथेच राहिला, नोगालेसच्या पोरांसाठी.

हे मी तिला बोललो, जरा सौम्य शब्दांत. ती गप्प झाली. दोन दिवसांनी मेसेज आला: सगळे अहवाल वाचले, दोघांना 'नाही' दिलं, बाकीच्यांना 'हो'.

धाकटी आता शाळेत जायची आहे. तिच्या फॉर्मवर काय लिहिणार, असं विचारल्यावर म्हणाली, "बघू रे मामा," आणि आजीला फोन दिला.