संहारातून आलेलं सोनं

सालेकसा तालुक्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. माघ पौर्णिमेच्या सुमारास, कचारगडच्या यात्रेची लगबग चालू असताना, एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, ताऱ्यांचा नाशही देवच करतो का?"

मी तिला 17 ऑगस्ट 2017 ची घटना सांगितली. एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे अतिघन अवशेष, गुरुत्वलहरींतून ऊर्जा गमावत जवळ आले आणि धडकले. त्या लहरी पृथ्वीवर पोचल्या, आणि 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट नोंदला गेला. धडकेतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत सुटला होता. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या त्या घटनेचे रेडिओ पडसाद आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही टिपले. उधळलेल्या द्रव्यात जड मूलद्रव्यं घडली. आईच्या गळ्यातलं सोनंही अशाच एखाद्या प्राचीन संहारातून आलेलं असू शकतं.

यात मला देवाचा कोप दिसत नाही, नियम दिसतो. देवाला फक्त न समजलेल्या जागी बसवलं, तर प्रत्येक शोधाबरोबर तो लहान होत जाईल. जे समजलं, त्यापुढेही हात जोडता येतात. म्हणून पालकांना विनंती आहे: मुलांचे असे प्रश्न अश्रद्धा समजून थांबवू नका.