मुलांच्या पुस्तकांतील दारिद्र्य आणि आपण



दीक्षा घेतल्यानंतर घरात पहिला बदल होतो तो भिंतीवर. जुन्या तसबिरी उतरतात आणि तेथे तथागत व बाबासाहेब येतात. मुलांच्या पुस्तकांच्या फळीकडे मात्र आपले लक्ष उशिरा जाते. त्या फळीवरील एकाच प्रकारच्या पुस्तकांविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे. ज्यांत एखादे गरीब मूल असते, ज्याला घर नसते, अंगावर धड कपडा नसतो, अशी पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत काय? आणि द्यावयाची तर कोणती?

तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतील की नकोत. आम्ही भोगले तेवढे पुरे. पोराने तरी हसतखेळत वाचावे. या म्हणण्यात आईबापाची माया आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु मुलाला दुःख दिसू नये म्हणून त्याच्याभोवती भिंती उभारणाऱ्या एका बापाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. शुद्धोदनाने राजपुत्राला म्हातारा, आजारी आणि मृत माणूस दिसू दिला नाही, आणि एकोणतिसाव्या वर्षी ते अकस्मात दिसल्यावर त्याने घर सोडले, असे परंपरा सांगते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी ही कथा बुद्धीला पटणारी नाही असे स्पष्ट म्हटले आहे. जी गोष्ट रोज घडते ती एकोणतीस वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही, हे कसे मानावे? तुमच्या मुलाचेही तसेच आहे. पुलाखाली निजलेली माणसे तो शाळेत जाताना पाहतो. तेव्हा दुःख दाखवावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ते त्याला कसे समजावून दिले जाते, एवढेच आपल्या हाती आहे.

आता एक जगप्रसिद्ध गोष्ट घ्या. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने १८४५ साली काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली. वर्षअखेरीची रात्र, बर्फ पडत आहे, पोर अनवाणी. एकही काडी विकली गेलेली नाही म्हणून बाप मारील या भीतीने ती घरी जात नाही. ऊब मिळावी म्हणून एकेक काडी ओढते, प्रत्येक उजेडात तिला सुखाची चित्रे दिसतात, शेवटी मेलेली आजी दिसते आणि सकाळी लोकांना तिचे प्रेत सापडते. ओठांवर हसू असते. अँडरसन हा चांभाराचा मुलगा आणि त्याची आई लोकांचे कपडे धुणारी. लहानपणी आपल्या आईला भीक मागावयास पाठवीत, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. म्हणजे त्याला थंडी ठाऊक होती. म्हणूनच पहिली दोन पाने इतकी खरी उतरली आहेत. पण शेवट पाहा. पोर देवाघरी सुखी झाली, तेव्हा वाचणाऱ्याने डोळे पुसावेत आणि झोपी जावे! त्या रस्त्यावर इतकी घरे होती, त्यांच्या खिडक्यांत दिवे होते, आत पक्वान्ने शिजत होती. एक दार का उघडले नाही, हे गोष्ट विचारीत नाही. आमच्याकडील सुदाम्याच्या गोष्टीचीही तीच तऱ्हा. त्याचे घर सोन्याचे झाले. शेजारच्या झोपडीचे काय झाले?

येथे कीव आणि करुणा यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. कीव वरून खाली पाहते आणि डोळे ओले झाले की तिचे काम संपते. करुणा दुःखाचे कारण शोधते, कारण ते दूर व्हावे अशी तिची इच्छा असते. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या. लहान मुलालाही समजेल इतका हा क्रम सरळ आहे. दारिद्र्यात काही पावित्र्य आहे असे भगवंतांनी सांगितले नाही. बाबासाहेबांनी तर आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात बुद्धांना दारिद्र्याचा तिटकारा होता हे एक स्वतंत्र प्रकरण घालून सांगितले आहे. म्हणून ‘गरीब पण समाधानी’ मुलाची गोष्ट हाती आली की सावध व्हा. ती बहुधा पोटभर जेवलेल्या माणसाने लिहिलेली असते.

याहून वेगळी पुस्तके आहेत. अमेरिकेत १९९१ साली ईव्ह बंटिंग या लेखिकेचे एक चित्रपुस्तक निघाले. त्यात एक मुलगा आणि त्याचा बाप विमानतळावर राहतात. बाप आळशी नाही, व्यसनी नाही. तो साफसफाईचे काम करतो, पण त्या कमाईत भाड्याची खोली मिळत नाही. कोणाच्या नजरेत भरावयाचे नाही, हा त्यांचा नियम. जगातील श्रीमंत देशात कष्ट करूनही माणूस बेघर राहतो, एवढे कळले तरी मुलाच्या मनातील ‘गरीब म्हणजे आळशी’ ही समजूत ढासळते.

माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट एलिनॉर एस्टेस यांची, १९४४ सालची, शंभर झग्यांची. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ती काही वर्षे होती. वाँडा नावाची पोलंडहून आलेल्या कुटुंबातील मुलगी रोज एकच विटका निळा झगा घालून शाळेत येते. घरी माझे शंभर झगे आहेत, असे ती म्हणते आणि मुली रोज तिला त्यावरून छळतात. पुढे कळते की ते शंभर झगे तिने कागदावर काढलेले होते आणि चित्रे अप्रतिम होती. पण तोवर त्या चिडवण्याला आणि नावावरून होणाऱ्या हेटाळणीला कंटाळून तिचे कुटुंब गाव सोडून गेलेले असते. आता लक्ष द्या ते मॅडीकडे. ही चिडवत नाही, नुसती गप्प उभी राहते. का? कारण तीही गरीब आहे, दुसरीचे जुने कपडे घालते. वाँडाची बाजू घेतली तर उद्या आपली पाळी येईल, हे तिला भय.

बंधूंनो, तुमच्या मुलाच्या अंगावर आज इस्त्रीचा गणवेश आहे. वर्गात गरिबीचा धडा निघाला की बाकीची पोरे वळून कोणाकडे तरी पाहतात. ते ‘कोणीतरी’ एके काळी तुम्ही होता. आज दुसरे कोणी असेल, पारध्यांचे किंवा वीटभट्टीवरून आलेले. त्या वेळी तुमचा मुलगा मॅडी होतो की नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? आणि पूर्वी आपण कोठे राहत होतो हे तुम्ही त्याच्यापासून लपविले असेल, तर गप्प बसण्याचे पहिले पाठ त्याने घरातच घेतले, असे का म्हणू नये?

सांगावयाचे कसे, ही अडचण खरी आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आले, पण ते मोठ्यांसाठी. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते तसेच देता येत नाही. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात बाबासाहेबांचे अनुभव चितारले आहेत. पात्रांना चौकटीत कोंडावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले, त्यामुळे चित्रे पानभर मोकळी पसरतात. त्यातील एक भाग निवाऱ्याचा आहे.

तो प्रसंग १९१७ सालचा. परदेशात शिकून आलेला, बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला हा तरुण. त्याच्याजवळ पदवी होती, पगार होता, खोलीचे भाडे देण्याची ऐपत होती. तरीही पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. एका हिंदू मित्राकडे विचारले. तू आलास तर माझे नोकर निघून जातील, असे उत्तर मिळाले. ख्रिस्ती मित्राने बायको आल्यावर विचारून सांगतो म्हटले. मग रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ कामाठी बागेत काढावा लागला. ही जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

काडेपेटीवाल्या मुलीच्या गोष्टीशेजारी ही ठेवून मुलाला वाचू द्या. तेथे दार कोणी बंद ठेवले हे कळत नाही. येथे ते माणूस माणूस दाखवून सांगितले आहे, आणि खिशात पैसे असूनही माणूस बेघर होतो, हेही.

मूळ पुस्तक इंग्रजीत आहे, तेव्हा शेजारी बसून मराठीत सांगावे लागेल. मूल मध्येच विचारील, तो मित्र वाईट होता का? त्या दोन मित्रांची नावे बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली नाहीत. उत्तराची घाई करू नका. पुढचा प्रश्न बहुधा तुमच्या स्वतःच्या घराविषयी येईल.