दाखल्यावर लेकीचं नाव नाही आणि बाप पारावर

मोबाईल खिशात ठेवा आणि माझ्याकडे बघा. तुमच्यातल्या निम्म्यांकडून मी याच शाळेत बाराखडी घोटून घेतली आहे. तेव्हा आज गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका.

अंगणवाडी ताई लेक लाडकी योजनेच्या कागदांसाठी तुमच्या दारात खेटे घालते आणि तुम्ही पारावर बसून तिला सांगता, "बघू उद्या." १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, घरात पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड, वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत. एवढं असलं की जन्मल्यावर ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि वयाची अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. बेरीज करा. १,०१,००० होतात. हा पैसा तुमच्या लेकीचा आहे, आणि तो बुडवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

परवा एकाने जन्मदाखला आणून माझ्या टेबलावर ठेवला. आईचं नाव, बापाचं नाव, गाव, तारीख सगळं जागच्या जागी; बाळाच्या नावाची जागा कोरी. मुलगी अडीच वर्षांची झाली. घरात तिला परी म्हणतात, आधारवर स्वरा लिहिलंय, अंगणवाडीच्या रजिस्टरला स्वरांजली, आणि आईचं आधार अजून माहेरच्या नावावर. वर मलाच विचारतो, "गुरुजी, पैसे का अडले?" अरे, पोर कोण आहे हेच तुम्हाला धड लिहून देता येत नाही, तर पैसे जायचे कुणाला? जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर छदाम लागत नाही. नाव मागाहून घालायचं असेल तरी वर्षभर फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे. बारशाला मंडप घातलात, डीजे लावलात, दोन पंगती उठवल्यात. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची पायरी चढायला काय झालं होतं?

शहरात नोकरी करणारे तुमचे भाऊबंद जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते म्हणून फीची एकेक पावती जपून ठेवतात. त्यांना आपल्या हक्काची किंमत कळते. तुम्हाला का कळू नये?

लेक लाडकीसाठी खातं आई आणि लेकीचं संयुक्त काढायचं आहे, हे ऐकल्यावर काहींचे चेहरे पडले. मी पाहिलं. नीट ऐकून घ्या, पासबुक आईकडे राहील. त्या पैशातून गाडीचा हप्ता जाणार नाही आणि कृषी केंद्राची उधारीही फिटणार नाही.

आता त्याहून गंभीर गोष्ट. पैसे मिळतात पहिलीत, सहावीत आणि अकरावीत. सहावी ते अकरावी या मधल्या वर्षांत काही येत नाही, आणि नेमक्या याच वर्षांत तुम्ही पोरीचं शिक्षण तोडता. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघाली की धाकट्याला सांभाळायला तीच सोबत. हंगामी वसतिगृहासाठी तिचं नाव द्या म्हणून घसा कोरडा करतो, पण "कोपीवर भाकरी कोण थापणार?" हे तुमचं ठरलेलं उत्तर. ती परत येते तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते. मग "आता शिकवून काय करायचंय" म्हणून पंधराव्या वर्षी स्थळ बघता. सरकारने या मधल्या वर्षांतही काहीतरी ठेवायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याने तुमची सुटका होत नाही. शाळेच्या टप्प्यांवर बोनाफाईड लागतं, आणि शेवटच्या ७५,००० साठी मुलगी अविवाहित असावी लागते. अठराच्या आत तिचं लग्न लावलंत तर गुन्हा करता, तिची तब्येत मातीत घालता आणि तिचं हक्काचं धनही घालवता.

मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांच्याशीही बोलायचं आहे. ज्या घरात बाप गेला, त्या घरातल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. बालकल्याण समितीने मंजुरी दिली की एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोन मुलं असतील तर वर्षाचे ५४,०००. त्यासाठी तुमच्या वहिनीला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो आणि तो तुमच्या ट्रंकेत कुलपात आहे. का, ते गावाला ठाऊक आहे. जमिनीच्या कागदावर तिने सही करावी म्हणून तुम्ही तो अडवून धरलाय. सख्ख्या भावाची लेकरं वह्यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि तुम्हाला घास गोड लागतो? तो दाखला आज संध्याकाळी वहिनीच्या हातात गेला पाहिजे.

सोमवारी दहा वाजता सगळ्यांनी शाळेत यायचं. जन्मदाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आईचं आणि मुलीचं आधार, पासबुक. जे नसेल ते चिठ्ठीवर लिहून आणा, ते कसं काढायचं हे मी आणि अंगणवाडी ताई सांगू. आणि मुलीच्या आईला सोबत आणा. एकटा बाप आला तर मी कागद हातात घेणार नाही.