पुस्तक मिटून केलेला अभ्यास



दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पवित्र मरियेच्या वेदीपुढे मेणबत्त्या वाढू लागतात. पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यावर एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली. "फादर, याच्या डोक्यावर हात ठेवा. रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसतो, पण पेपरात काहीच उतरत नाही." मी हात ठेवला, प्रार्थना केली आणि सवयीने बोलून गेलो, "अजून थोडी मेहनत घे, बाळा." त्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "फादर, विज्ञानाचा तो धडा मी नऊ वेळा वाचलाय."

मी ओशाळलो. होडी नांगराला बांधलेली असताना वल्ही मारून दमलेल्या माणसाला 'आणखी जोर लाव' म्हणावे, तसे माझे झाले होते. मी त्याचे पुस्तक मिटले. "आता न बघता सांग, त्या धड्यात काय आहे?" दोन वाक्यांनंतर तो अडला. त्याचे डोळे भरून आले. पण त्याचा खरा अभ्यास तिथूनच सुरू झाला.

ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर रविवारी मिस्साला दिसणारा चेहरा आपण लगेच ओळखतो, पण नाव विचारले की अडखळतो. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा होतो आणि 'मला येतो' असे वाटू लागते. परीक्षा मात्र नाव विचारते.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच प्रयोगाने दाखवले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार पाळ्यांत नुसता वाचला. इतरांनी एका पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांत, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

ही गोष्ट आपल्या श्रद्धेच्या परंपरेला नवीन नाही. २८ जानेवारीला ज्यांचा सण येतो ते संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात स्मरणशक्ती वाढवण्याचे चार मार्ग सांगितले : आठवायच्या गोष्टीला एखादे वेगळेसे चित्र जोडावे, तिची क्रमाने मांडणी करावी, ती मनापासून आपलीशी करावी आणि तिचे वारंवार मनन करावे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात परमेश्वराचे शब्द मुलांच्या मनावर बिंबवण्यास सांगितले आहे, तेही घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. एका रात्रीत सगळे उरकायला सांगितलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढे करून पाहा. धडा एकदा समजून वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. आज तेवढाच तुमचा अभ्यास. तोच धडा उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा न बघता लिहा. गणिताची उदाहरणे एकाच प्रकारची सलग न सोडवता मिसळून सोडवा, कारण कोणती रीत लावायची हे पेपरात कोणी सांगत नाही. मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला बारा वर्षांचा येशू ऐकत होता आणि प्रश्नही विचारत होता. तुम्हीही न समजलेले विचारायला लाजू नका. रात्री झोप मोडू नका. दिवसभर शिकलेले झोपेतच मनात पक्के होते.

आईवडिलांना माझी एक विनंती आहे. 'किती तास बसलास?' असे विचारू नका. टीव्ही बंद करा, शेजारी बसा आणि म्हणा, 'आज काय शिकलास, मला सांग.' तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल. सांगता सांगताच त्याचा अभ्यास होतो. आणि शेजारच्या मुलाचे टक्के घरात आणू नका.

मेणबत्ती जरूर लावा. पण देवाची कृपा आपल्या प्रयत्नांची जागा घेत नाही, ती त्यांना पूर्णत्वास नेते, हीही संत थॉमस यांचीच शिकवण. आणि एवढे करूनही गुण कमी पडले तर? आम्हा धर्मग्रामातील धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन वियानी यांना लॅटिन जमत नव्हते, सेमिनरीच्या परीक्षेत ते अडखळले होते. पुढे त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरहून लोकांची रीघ लागली. गुणपत्रिका तुमचा एक पेपर तपासते, तुम्हाला नव्हे. बाप्तिस्म्याच्या दिवशी देवाने तुम्हाला आपले लेकरू म्हटले, तेव्हा त्याने टक्के विचारले नव्हते.

निकालाच्या दिवशी घरी जायची भीती वाटली, तर आधी माझ्याकडे या. दार उघडे असेल. आपण मिळून घरी जाऊ.

तो मुलगा आता रोज संध्याकाळी एक कोरा कागद घेऊन बसतो. परवा त्याने मला तो दाखवला. अर्धा निळा होता, अर्धा लाल. "फादर, काल लाल जास्त होतं," तो म्हणाला.

परीक्षेला बसणाऱ्या सर्व मुलामुलींना प्रभू शांत मन देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू