बासरी वाजवून पोट भरणे



गेल्या पौर्णिमेला शारजात वंदनेनंतर एका उपासिकेने विचारले, "मुलगी बासरी शिकते आहे, पुढे तेच करणार म्हणते. अष्टशीलात तर वादन वर्ज्य. मग ही सम्यक आजीविका होते का?" कोणीच धड उत्तर दिले नाही. चहा आला आणि विषय राहिला.

मला जपानची शाकुहाची आठवली. बांबूची उभी बासरी, पुढे चार छिद्रे, मागे एक. फुके या झेन पंथाचे कोमुसो साधू टोपलीसारख्या टोपीने चेहरा झाकून ती वाजवत आणि भिक्षा मागत. त्यांच्या लेखी ते वाद्य नव्हते, आपल्या आनापानासारखी श्वासाची साधना होती. 1871 साली मेईजी सरकारने पंथच बंद केला. बासरी उरली, पण पोटापाण्याची विद्या म्हणून.

हे पतन झाले का? गोरो यामागुची (1933–1999) साधू नव्हते. वडिलांकडून शिकले आणि आयुष्यभर मैफली, शिकवणी हाच व्यवसाय केला. 1992 साली जपानने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानले. क्रौंचांच्या घरट्यावरची त्यांनी वाजवलेली जुनी रचना 1977 पासून व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात आहे. मानधन घेतले म्हणून त्या श्वासात खोट आली, असे मला वाटत नाही. उलट टोपीआड भोंदूही फिरत होतेच!

अष्टशील उपोसथाचे, पंचशीलात वादनाला मनाई नाही. बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकले. वामनदादांच्या गाण्यांवर तर आपली घरे जागी झाली.

पण तालपुट सुत्त सोयीने विसरू नये. या नटाने आपल्या कलेचे फळ विचारले, तेव्हा तथागत दोनदा म्हणाले, हे विचारू नकोस. मग स्पष्ट सांगितले, की ऐकणाऱ्याचा लोभ, द्वेष, मोह वाढवणाऱ्याची अधोगती होते. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय वाढते याचा आहे. उद्या या मुलीला दुबईच्या एखाद्या बारमध्ये रोज वाजवायचे काम मिळाले तर? मद्यविक्री आपल्याला वर्ज्य. तिच्या शेजारी बसून वाजवणे? मी नको म्हणेन. पण घरभाडे तिला भरायचे असेल, मला नाही, हेही खरे.

तिला बासरी घेऊन यायला सांगितले आहे. पौर्णिमेनंतरच्या रविवारी, पौर्णिमेला तिच्या आईचे अष्टशील असते.