दाद आणि साक्ष

अंधेरीतल्या एका लहानशा सभागृहात परवा सॅक्सोफोन ऐकला. श्रोते तीसेक, वादक हाताच्या अंतरावर. संगीत बीबॉप जॅझचे. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी घडविलेले हे वादन नाचणाऱ्यांसाठी नाही, ऐकणाऱ्यांसाठी आहे. जुन्या गाण्याची स्वरसंगती तळाशी ठेवून वादक तिच्यावर ऐनवेळी नवी चाल रचतो.

मला काहीच उमगेना. तरी लोकांनी टाळ्या वाजविल्या तेव्हा मीही वाजविल्या. वादकाने मान लवविली आणि मला चोरट्यासारखे झाले. ख्यालात समेवर आपली मान आपोआप डोलते. ही टाळी मात्र शेजाऱ्याकडून उसनी घेतलेली. दाद म्हणजे साक्षच. न पाहिलेल्याची साक्ष द्यावी काय?

पण गप्प राहणे तरी न्याय्य आहे का? ‘अलबेला’ची (१९५१) गाणी आपण आयुष्यभर गुणगुणलो, त्यांत पडद्यावरही दिसणारा गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट किती जणांना ठाऊक आहे?

मध्यंतरानंतर हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत राहिलो. धावत्या स्वरांतून मघाची मूळ चाल क्षणभर डोकावली. ‘वा!’ मी पुटपुटलो. तेव्हा टाळ्या कुणीच वाजविल्या नाहीत. दाद इवलीशीच, पण माझी होती.