किती चालायचे, किती थांबायचे?



आजाऱ्याला भेटायला गेलेला प्रत्येक जण निघताना म्हणतो, "हिंमत धरा." चांगल्या मनानेच म्हणतो. पण ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागते, दर खेपेला चारेक तास यंत्राशेजारी काढावे लागतात आणि घरी आल्यावर घासही नकोसा होतो, त्याने हिंमत धरायची म्हणजे नेमके काय करायचे? विश्रांती घेतली तर आळस आणि काम केले तर दुखणे ओढवून घेतले, अशा कात्रीत सापडलेले कित्येक आजारी आम्ही पाहतो. हा प्रश्न डॉक्टरांचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटल शिकवला जाई. सद्गुण म्हणजे मध्य, हे त्याचे म्हणणे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हा मध्य सर्वांना एकच नसतो, हे त्याचे पुढचे म्हणणे आपण विसरतो. तो मायलो नावाच्या मल्लाचे उदाहरण देतो. जेवढा आहार मायलोला अपुरा, तेवढाच नवशिक्याला अति! शेजारणीने केमोथेरपी घेता घेता घर सांभाळले म्हणून आपणही सांभाळलेच पाहिजे, हे दुसऱ्याचे माप झाले. आणि सर्वांत फसवे माप तर आपलेच असते, आजारापूर्वीचे.

आमच्या ओळखीच्या एक मावशी डायलिसिसवर आहेत. प्रथम त्या ओटीच्या पायरीवरूनच मागे फिरत. डॉक्टरांना विचारून त्यांनी रोज चार पावले वाढवली. आता बावखलापर्यंत जातात. बरे वाटले त्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त चालत नाहीत. "फादर, आज उधळले तर उद्या बिछान्यात फेडावे लागते," असे त्यांनी सांगितले. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी बसतात. भाजी बसून चिरतात. डायलिसिसच्या वारी चालणे बंद. सतत अंथरुण धरले तर स्नायू झडतात आणि थकवा आणखी वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगतेच. पण किती आणि केव्हा, हे मावशींनी स्वतःच्या शरीराकडून शिकून घेतले. याला आम्ही विवेक म्हणतो.

एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि त्याने मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला उठवले. होरेब पर्वताची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची.

आपण मात्र आजाराची भाषा लढाईची करून टाकली आहे. "कॅन्सरशी झुंज दिली आणि जिंकला" असे म्हणतो. मग जो बरा झाला नाही, तो काय कमी लढला? संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा विचार करताना चढाईपेक्षा सोसून टिकून राहण्याला वरचे स्थान दिले. चढाई करणारा स्वतःला बलवान समजून पुढे जातो. टिकणाऱ्यासमोर त्याच्याहून बलवान उभा असतो, संकट आजचेच असते आणि ते पुष्कळ काळ चालते. मावशींची पावले उद्या पुन्हा पायरीपाशी थांबू शकतील. आजार वाढला तर तसे होतेच. त्या दिवशी त्यांचे धैर्य घटले असे कोणी म्हणू नये.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. गंभीर आजाऱ्यावर रविवारच्या मिस्साचे बंधन नाही, आणि आजाऱ्यांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवासही लागू नाही. मिस्साला आलात तर बसून राहा. मागून कोणी खुणावले तरी उठू नका. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, पंधरा मिनिटे पुरेत. तुमच्याशी हसून बोलण्यातही त्यांची शक्ती खर्च होते. दुपारी दोन ते चार कोणाच्या दाराची बेल वाजवू नका, आणि जमल्यास जाताना पेजेचा डबा न्या.